डुंबरे मॅडमची आजारी चिलटं

लग्नात, दहाव्याला, बाजारात, कुठेही जुना विद्यार्थी भेटला की माझ्या तब्येतीआधी चौकशी होते ती चिलटांची. "सर, डुंबरे मॅडमची ती चिलटं..." अशी सुरुवात झाली की मी समजतो, आता चहा गार होणार. आपण एक किस्सा सांगावा तर समोरचा दुसरा काढतो, आणि त्या दुसऱ्यातून मलाही माहीत नसलेला तिसरा निघतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. जुन्नरला आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, डुंबरे मॅडम प्राणिशास्त्र. मॅडम पीएचडी करत होत्या आणि त्यांचा विषय होता चिलटांचा कॅन्सर. पिकल्या केळ्यावर घोंगावतं, तेच चिलट. त्याच्या अळीच्या अंगात गाठ झाली की रक्तातल्या पेशी काय करतात, हे त्यांना बघायचं होतं.

* * *

पहिली चिलटं मॅडमनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून आणली, एसटीने. मांडीवर पिशवी, पिशवीत कापसाच्या बोळ्यांनी बंद केलेल्या काचेच्या बाटल्या. मंचरला एक आजी शेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ पिशवीकडे बघत राहिल्या.

"काय गं बाई, औषध हाय का?"

"नाही आजी, चिलटं आहेत."

"इकत आणली?"

"नाही हो. आजारी आहेत. कॅन्सर आहे त्यांना."

आजींनी पदर नाकाला लावला आणि जरा सरकून बसल्या. नारायणगाव आलं. उतरायला उठल्या, दारापर्यंत गेल्या, पण राहवलं नाही. तिथूनच विचारलं,

"मंग पुण्याचं डाक्टर काय म्हनलं?"

* * *

कॉलेजात फळमाशीवर संशोधन चाललंय, अशी बातमी कशी कोण जाणे, राजुरीला पोहोचली. पुस्तकात चिलटाला फळमाशीच म्हणतात, त्याचा हा परिणाम. एक शेतकरी गोणीभर कारली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर. प्रत्येक कारल्यात अळ्या.

"मॅडम, लई वैताग दिलाय. काय औषध निघालं असंल तर द्या."

मॅडमनी त्यांना बसवलं, नीट समजावलं. तुमची माशी वेगळी. ती वेलावरच्या चांगल्या फळाला डंख मारते. आमची नुसती सडक्या फळावर बसते, पिकाला हात लावत नाही. शेतकऱ्याने एक बाटली उजेडात धरली, आतली चिलटं निरखली.

"म्हंजे ह्या गरीब हाईत."

"हो, तसं म्हणा."

"आन् कॅन्सर ह्यांनाच."

"तसाच वाण आणलाय आम्ही."

शेतकऱ्याने बाटली खाली ठेवली. "गरिबालाच धरलं व्हय तुमी? माजीवाली न्ह्या की. फुकट देतो."

* * *

स्टाफरूममध्ये मात्र सगळे खोलात शिरायचे. एकदा मॅडम सांगत होत्या की चिलटाला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात. लस टोचून त्याला काही शिकवता येत नाही. जन्मतः रक्तात ज्या पेशी मिळाल्या, त्याच पहारेकरी. जंतू आत शिरला तर तो परका, ओळखू येतो.

"पण कॅन्सरची पेशी अंगातलीच असते," मॅडम म्हणाल्या. "घरचीच. तरीही या पहारेकरी पेशी बरोबर तिच्याभोवती जाऊन जमतात. त्यांना कळतं कसं, हा प्रश्न आहे."

इतिहासाचे काळे सर वर्तमानपत्र वाचत होते. शिवनेरीच्या पायथ्याशी हयात गेलेला माणूस. ते वर न बघता म्हणाले, "म्हणजे फितूर. परका शत्रू तटावरून दिसतो, फितूर आत असतो."

मॅडमना हे फार आवडलं. त्या खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "मग सर, त्या काळी फितूर ओळखायचे कसे?"

काळे सरांनी पान उलटलं. "बहुतेक वेळा गड गेल्यावर."

* * *

चिलटांना उन्हाळा सोसत नाही. त्यात आमच्याकडे वीज जायची ती दुपारीच. एका एप्रिलमध्ये निम्म्या बाटल्यांतली चिलटं मेली आणि मॅडम रडवेल्या झाल्या. तेव्हा आमचे शिपाई, शिनोलीचे बबनराव, यांनी घरून रांजण आणला, तळाला ओली वाळू घातली, आत बाटल्या ठेवल्या आणि वर ओलं फडकं टाकलं. चिलटं तगली.

त्याच महिन्यात परीक्षा घ्यायला बाहेरगावचे एक सर आले. उन्हातून आलेले, घसा कोरडा. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गार रांजण दिसला. त्यांनी फडकं काढलं, पेला आत घातला आणि तो काचेवर खणकन आपटला.

बबनराव घाईने पुढे झाले, त्यांच्या हातातला पेला हळूच घेतला.

"पाणी भाईर हाय, सर. हितं पेशंट हाईत."

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

चिलटांच्या खाण्याला रवा, गूळ आणि यीस्ट लागायचं. ते पेठेतल्या पोपटशेठच्या दुकानातून यायचं. शेठ जैन, घराणं मूळचं राजस्थानातलं, पण कित्येक पिढ्या इथेच. एकदा त्यांनी मॅडमना विचारलं, "एवढा रवा जातो कुठे?" मॅडमनी सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "मग यातली काही मारावी लागतात?"

"लागतात. अळीचं रक्त काढावं लागतं."

"मग माझ्या दुकानातून नको, मॅडम. राग मानू नका." बबनराव नारायणगावहून रवा आणू लागले.

पुढे शेठच्या पत्नीला, कांताभाभींना, स्तनात गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं. नंतर एके दुपारी त्या एकट्याच कॉलेजात आल्या. डोक्यावर घट्ट पदर. म्हणाल्या, "माझा आजार असलेली अळी आहे ना तुमच्याकडे? मला बघायचीय."

मॅडमनी एक अळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अंग पारदर्शक, आत काळा ठिपका.

"ती गाठ?"

"गाठ, आणि तिला घेरून बसलेल्या रक्तातल्या पेशी. काळा रंग त्यांच्यामुळे आलाय."

"त्यांना कुणी सांगितलं जायला?"

"कुणीच नाही."

"जिंकतात?"

"कधी जिंकतात. कधी नाही. का, ते अजून कळलेलं नाही."

भाभींनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. मग विचारलं, "हिचंही रक्त काढणार?"

"आज काढायचं होतं."

भाभी नमस्कार करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या वेळी प्रयोगशाळेच्या दारात पोपटशेठ उभे होते. हातात रव्याची पिशवी. आत यायला तयार नव्हते. पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि मॅडमना विचारलं,

"कालची कशी आहे?"

मॅडमनी कपाटातून एक बाटली काढली. खिडकीशी नेऊन त्यांच्यासमोर धरली. आत एकसारख्या अळ्याच अळ्या वळवळत होत्या. त्यातल्या एकीवर मॅडमनी बोट ठेवलं.

"ही."

शेठनी चप्पल काढली, आत आले, चष्मा लावला आणि वाकून बघू लागले.