दादाच्या तक्त्यातला डोंगर

आमच्या घराण्यात कुणाचं मूल कॉलेजच्या वयाला आलं की पहिला फोन माझ्या दादाला जातो. तो ओहायोत, डब्लिनला राहतो. सगळ्या भाच्या-पुतण्यांची कॉलेजं त्यानंच ठरवली. एका शनिवारी तो नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर बसवतो, स्लाइड्स दाखवतो, आणि जे कॉलेज हिरव्या रंगात येतं तिथे ते पोर मुकाट्यानं जातं. किती करतो सगळ्यांसाठी, असं लोक कौतुकानं म्हणतात. मी कधीच म्हटलं नाही.

कारण माझंही कॉलेज त्यानंच ठरवलं होतं. पुण्यात मला जिऑलॉजीला प्रवेश मिळत होता. रविवारी मी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असायचे, आणि उत्तरकाशीच्या गिर्यारोहणाच्या कोर्सला माझं नाव लागलं होतं. बाबांनी सगळं दादावर सोपवलं. "आयुष्यभर दगड फोडणार का?" असं म्हणून त्यानं मला कॉम्प्युटरला घातलं, तेही स्वतःच्याच कॉलेजात, म्हणजे त्याच्या मित्रांचं माझ्यावर लक्ष राहील. कोर्सचं तर विचारलंसुद्धा नाही. परस्पर जाऊन नाव काढून आला, आणि माझे नवे कोरे बूट मित्राच्या बहिणीला देऊन टाकले. ती त्या बुटांत हिमालय बघून आली. मी रडले, भांडले, जेवण टाकलं. वयाचं खूळ म्हणून सगळे विसरून गेले. पुढे मला चांगली नोकरी लागली, अमेरिकेत रेडमंडला घर झालं, तरी आजही दादाचा फोन आला की आधी माझं डोकं फिरतं आणि मग मी हॅलो म्हणते.

रेडमंडला हिवाळाभर नुसता पाऊस असतो, पण शनिवारी शाळेतली मुलं बसनं डोंगरावर स्कीइंगला जातात. माझी लेक सहावीत पहिल्यांदा गेली आणि परत आली ती ओलीचिंब, लंगडत, पुढचा शनिवार कधी ते विचारत. आता कॉलेजची वेळ आली, तर तिला बर्फाचाच अभ्यास करायचा होता. तो कसा साचतो, उतारावरून कधी सुटतो, कडा कोसळायच्या आधी कसं ओळखायचं. मोंटानात डोंगराच्या पायथ्याशी एका कॉलेजात हे शिकवतात. आम्ही ते बघायला गेलो. बाकीच्या आया वसतिगृह आणि जेवणघर बघत होत्या. मी स्की ठेवायची खोली बघितली, डोंगराकडे जाणारी बस कुठून सुटते ते विचारलं, आणि ताजा बर्फ पडला की दुपारचे तास चुकवलेले चालतात का, हेही विचारलं. लेक लाजून लांब जाऊन उभी राहिली. तिथल्या बाई म्हणाल्या, अशी समजूतदार आई क्वचितच येते. समजूतदार कसली, मी सूड उगवायला आले होते.

प्रवेश मिळाला. पण एका मोठ्या नावाच्या कॉलेजात कॉम्प्युटरलाही मिळाला, आणि ते दादाच्या कानावर गेलं. लगेच बैठक ठरली. आमच्याकडे सकाळ, पुण्यात संध्याकाळ, आई देवापुढे दिवा लावून टॅबसमोर बसलेली. कॉलेजांना उत्तर त्याच दिवशी द्यायचं होतं.

दादाच्या तक्त्यात 'डिस्ट्रॅक्शन' नावाचा रकाना होता. डोंगर जवळ, म्हणून मोंटानाला उणे गुण. बर्फ भरपूर, म्हणून आणखी उणे. मला हसू फुटणार होतं, पण लेक हसत नव्हती.

"आई, मामा हॅज अ पॉइंट," ती हळूच म्हणाली. "मेबी आय शुड जस्ट डू कॉम्प्युटर्स."

तो तिलाही गुंडाळणार होता, आणि माझ्याच घरात, माझ्याच डायनिंग टेबलावर.

"बघ बेटा," दादा मोठेपणानं म्हणाला, "स्कीइंग काय, वीकेंडला कर. डिसिजन तुझंच आहे. आपल्या घरात मुलींना कधी कुणी अडवलं नाही."

सगळ्या चौकटींतल्या माना डोलल्या. मी म्यूट काढलं.

"मला अडवलंस, दादा."

"तुला? कधी?" तो खरोखरच गोंधळला होता. ते तर मला जास्तच झोंबलं. मग मी काही राखून ठेवलं नाही. त्याच्या बायकोसमोर, मुलांसमोर, सगळ्या काका-काकूंसमोर कोर्स, बूट, सगळं सांगितलं. सांगताना इतकं बरं वाटत होतं की घाई करवेना.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं ना. हे आत्ता काढायची काय गरज आहे?"

"आत्ताच आहे."

तेवढ्यात आई बोलली. अशा बैठकीत ती कधीच बोलत नाही. "नाव काढून आला होता. मला येऊन सांगितलंन. मी हिच्यासाठी एक शब्द बोलले नाही."

लेक माझ्याकडे बघत राहिली. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. मग तिनं फोन उचलला, आमच्यादेखत मोंटानाला होकार कळवला आणि म्हणाली, "सॉरी मामा. आय ॲम गोइंग टु द माउंटन्स."

दादाच्या स्लाइड्स अजून पडदाभर होत्या, आणि तो कोपऱ्यात एवढासा दिसत होता. मी त्याची चौकट मोठी केली आणि ते पडलेलं तोंड मनसोक्त बघून घेतलं.