लाल केलेली आडनावं

"आडनावं बघ आणि नकोत ती लाल कर," सर म्हणाले.

केबिनमध्ये बिल्डर चहा पीत बसला होता. मी उभी.

"नकोत ती म्हणजे?"

बिल्डर हसला. "मॅडम, तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

सरही हसले. माझे कान तापले.

सोलापुरातल्या त्या ऑफिसात माझा दुसराच महिना. स्टॅटिस्टिक्सची पदवी, घरातली पहिली. पैसे भरून मोबाईलवर जाहिराती चालवायच्या, कोण बघतं, कोण फॉर्म भरतं ते तपासायचं, हे माझं काम. या बिल्डरच्या फ्लॅटची जाहिरात मीच लावली होती. फॉर्म भरलेल्यांची यादी समोर होती. लाल केलेल्यांना फोन जाणार नव्हता. शिवाय जाहिरात कुणाला दाखवायची ते ठरवणारं मशीन यातून शिकणार होतं. पुढची जाहिरात अशा लोकांना दिसणारच नव्हती. आपल्याला वगळलंय, हेसुद्धा त्यांना कधी कळलं नसतं.

मी बसले. लाल करत गेले. खोटं कशाला सांगू? केलं. आधी मुसलमान नावं. मग आमच्या वस्तीतली.

मग अण्णांचं नाव आलं.

माझे वडील. चिंचोळी एमआयडीसीत कामगार. आठ दिवस विचारत होते, "तुजी जाहिरात बघून म्या बी नाव टाकलंय की. फोन कवा येतूय गं?"

मी थांबले. सर मागं येऊन उभे राहिले. स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा राहिला."

"ते माझे वडील आहेत."

सर शांतपणे म्हणाले, "बरं झालं. घरी तूच सांग त्यांना."

मी सगळा लाल रंग काढला. एकूण एक नावावरचा. उठले.

"सोलापूर लहान आहे," सर म्हणाले. "कुणी दारात उभं करणार नाही."

"नका करू."

घरी अण्णांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "फुकट मागत नव्हतो की."

दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीत माझ्या सहीनं लेखी तक्रार दिली. त्यानंतर मोटारसायकलवरून दोघं आले. गल्लीच्या तोंडाशी आमचं घर विचारलं. घराकडं बघितलं. गेले. काल पुन्हा आले.

आई दार लावून घेते. अण्णा जेवत नाहीत. आज विचारलं, "तक्रार मागं घेतीस का?"

"न्हाय."

ते दोघं परत येतील, मला माहीत आहे. माझी सही तशीच राहील.