मावशीची जट

लोभान जळाला, की कॉलेजच्या दिवसांतली देवपूरची ती दुपार परत येते. मावशी दर मंगळवारी आपल्या जटेला धुरी द्यायची. देवीची म्हणून जपलेली ती जट घरच्यांनी अंधश्रद्धा ठरवून नुकतीच कापली होती, आणि मलाही ते पटलं होतं.

मी लायब्ररीतून सहज आणलेलं मानववंशशास्त्राचं पुस्तक चाळत होतो. त्यात जमैकातल्या एका रास्ताफारी पंथाच्या माणसाचा फोटो होता, धर्म म्हणून कमरेपर्यंत जटा राखलेल्या. गहू निवडता निवडता मावशी वाकून बघू लागली.

"यान्या जटा कोनी काप्यात नहीत का रे?"

"नाही."

ती उठली. उठताना पाठीवर नसलेली जट तिने हाताने अलगद बाजूला सारली.

त्या रास्ताफारी लोकांवर मी पुढे वर्षानुवर्षं झपाटल्यासारखं वाचलं. अजूनही जटांचा फोटो दिसला, की माझे डोळे तिची पाठ शोधतात.