हॉर्नवर चार्ज होणारी फटफटी

आमच्या फटफटीची बॅटरी हॉर्न वाजवल्यावर चार्ज होते हा शोध आमच्या घरात लागला, आणि तो मी लावला.

मी तेव्हा पुसदच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय फिजिक्स. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझा शोध तपासून पाहणारं घरात कोणी नव्हतं. (हे आता लिहिताना मला वाईट वाटतं. तेव्हा नुसता अभिमान वाटला होता.)

फटफटी माझ्याहून वयाने मोठी आहे. ती बाची, म्हणजे माझ्या वडिलांची. तिला किक मारावी लागते, आणि किक मारण्याआधी तिच्याशी थोडं गोड बोलावं लागतं. हेडलाइटच्या वर करंट दाखवणारा एक काटा होता, तो माझ्या जन्माआधीच मधोमध झोपी गेलेला. तिचा हॉर्न मात्र साऱ्या तांड्यात प्रसिद्ध होता. सर्दी झालेल्या म्हशीला कोणीतरी अचानक चिमटा काढावा, तसा आवाज!

तो हॉर्न वाजवायचं काम संगीचं होतं. संगी माझ्या मोठ्या काकांची मुलगी. काकांचा तांडा तिकडे झरी जामणीच्या जंगलाला लागून, शाळा लांब, म्हणून ती पहिलीपासून दहावीपर्यंत आमच्याकडेच राहिली. बा तिला रोज पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. गाडी बा चालवायचा आणि हॉर्न ती. म्हैस नसली तरी वाजवायची.

त्या वर्षी संगीचं लग्न ठरलं. आमच्या बंजारा समाजात नवरी निघताना ढावलो म्हणते. एकेका माणसाच्या गळ्यात पडून, रडत रडत, त्या माणसाने तिच्यासाठी काय काय केलं ते गात ती निरोप घेते. ज्याच्या नावाचा ढावलो होतो त्याचं आयुष्य सार्थकी लागतं, असं बाचं मत. संगीने फोनवर सांगितलं होतं, "काका, फटफटीवरच ये. तुहा हॉर्न आयकला का मंगच मी रडाले सुरुवात करीन!"

बा चार दिवस हसत होता. मग गंभीर झाला.

"अर्जुन, इतकी दूर जाईन काय रे ही?"

"बा, आपण काटे बसवू," मी म्हणालो.

"कायचे काटे?"

"इंजिनचे. तेल किती तापलं, तेलाचं प्रेशर किती, बॅटरी भरून राह्यली का उतरून राह्यली, सगळं समोर दिसते. बिघाड व्हायच्या आधीच कळते."

(घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजारा भाषा, बोलतो. पण बाला काही महत्त्वाचं वाटलं की तो वऱ्हाडीवर येतो, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं. या गोष्टीत सगळंच महत्त्वाचं होतं, म्हणून सगळं बोलणं वऱ्हाडीत झालं.)

मी तीन काटे ऑनलाइन मागवले आणि अंगणात खाट टाकून, मोबाइलवर व्हिडिओ लावून बसलो. व्हिडिओ तामिळमध्ये होता. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण पाने-पक्कड फिरवणारे हात सगळीकडे सारखेच असतात, असा माझा विचार होता. तेलाचे दोन काटे व्यवस्थित बसले. मग तो झोपलेला जुना काटा काढून त्या जागी करंटचा नवा काटा आला. दोन वायरी, आणि कुठली कुठे जोडायची एवढाच प्रश्न! नेमकं त्याच वेळी त्या तामिळ माणसाचा अंगठा कॅमेऱ्यासमोर आला. मी व्हिडिओ मागे घेतला, पुन्हा पाहिला. पुन्हा अंगठा. शेवटी अंगठ्याच्या मागे काय चाललं असेल, याचा मी अंदाज बांधला.

माझी याडी, म्हणजे आई, चुलीपाशी बसून हे पाहत होती. ती म्हणाली, "गाडी चांगली चालून राह्यली होती ना? मंग काहून खोलली?"

"याडी, हे सायन्स हाय."

"मंग झाकून कर. थावरूदादा येऊन राह्यला."

शेजारचे थावरूदादा आले, त्यांच्या मागे अर्धा तांडा आला. बाने किक मारली. तेलाच्या गरमीचा काटा हळूहळू वर सरकू लागला तशी गर्दी पुढे सरकली. एक म्हातारी म्हणाली, "ताप हाय. ओला फडका ठेवा!" प्रेशर ठीक होतं. पण करंटचा काटा सरळ उणेच्या बाजूला गेला.

"हे काय?" बाने विचारलं.

"बा, बॅटरी उतरून राह्यली."

"चालता चालता?"

"हो."

बॅटरी संपली की ठिणगी बंद, आणि ठिणगी बंद की गाडी बंद, एवढं बालाही माहीत होतं. घाबरून बाने हेडलाइट लावून पाहिला, आणि काटा वर चढला! बाने हॉर्न दाबला. काटा उडी मारून आणखी वर!

"अर्जुन! हॉर्ननं चढते!"

बाने गाडी बंद केली. हेडलाइट तसाच चालू. काटा आता चक्क अधिकच्या बाजूला. बंद गाडी चार्ज होत होती!

खरं सांगायचं तर मला ते विचित्र वाटलं. मनात एक बारीक शंका आली. पण काटा नवीन होता, मी जुना होतो, आणि साऱ्या तांड्याचे डोळे माझ्याकडे लागले होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "लोड दिला का सर्किट ॲक्टिव्ह होते."

"म्हंजे?" थावरूदादांनी विचारलं.

"म्हंजे... काम दिलं का ते जागं होते."

बाने समजून मान हलवली. थावरूदादा म्हणाले, "मंग माह्या पोराले बी असा एक बटन बसवून दे बावा. दिवसभर लोळून राह्यते!"

याडी दोन दिवस आधीच बायकांबरोबर एसटीने निघून गेली. शेतात तूर उभी होती, रात्री डुकरं यायची, म्हणून बा आणि मी लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. बाने नवा फेटा बांधला होता. मी मागे बसून त्याच्या खांद्यावरून काटे वाचत होतो. काम विभागलेलं होतं. मी म्हणायचो "उतरला" की बा हॉर्न दाबायचा.

तो सतत उतरत होता.

दिग्रसपर्यंत आम्ही हॉर्न वाजवला. दिग्रसमध्येही वाजवला. दुपारच्या उन्हात हेडलाइट लावून, अखंड हॉर्न वाजवत आम्ही येताना पाहून ट्रकवाले रस्ता सोडत होते. रिकाम्या रस्त्यावर, शाळेसमोर, दवाखान्यासमोर, एका झोपलेल्या कुत्र्यासमोर आम्ही वाजवत गेलो. आर्णीच्या पुढे एक अंत्ययात्रा लागली.

"बा, इथं नको!"

"काटा सांग."

"...उतरला."

बाने मान आदराने खाली झुकवली, पण अंगठा उचलला नाही. यात्रेतला एक माणूस चप्पल हातात घेऊन आमच्या मागे धावला. बा मागे वळून ओरडला, "माफ करजा भाऊ, बॅटरी हाय!" मला वाटतं, त्या माणसाला ते कारण पुरेसं वाटलं नाही.

पांढरकवड्याला आम्ही चहाला थांबलो. गाडी बंद, हेडलाइट चालू, काटा वर. बा खूश झाला. "चहा होईस्तोवर भरू दे." एक माणूस सांगायला आला, "भाऊ, लाइट चालू राह्यली."

"माहीत हाय. चार्जिंगले लावली."

त्या माणसाने आपली खुर्ची थोडी लांब सरकवली. बा मला म्हणाला, "आणखी एक चहा घे. काठोकाठ भरू दे."

त्यानंतर गाडी फार मिनतवारीने सुरू झाली. पुढे सागाचं जंगल लागलं. आता हॉर्नमधली म्हैस अशक्त झाली होती. आधी ती खोकली, मग कण्हली, मग नुसती श्वास सोडू लागली. बा अंगठा आणखी जोरात दाबत होता. एका चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

"काटा कुठी हाय?" बाने विचारलं.

"मधात."

"म्हंजे?"

"म्हंजे... ना चढून राह्यली, ना उतरून राह्यली."

किक मारून दोघांचे पाय भरून आले. मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही गाडी ढकलू लागलो. उन्हं कलायला लागली तशी बाची चाल वाढली. तो मधूनमधून फेटा सावरत होता. शेवटी दम खायला आम्ही गाडी एका सागाखाली सावलीत लावली आणि खाली बसलो.

तेवढ्यात समोरून गाण्याचा आवाज आला. वळणावरून डीजे लावलेला पिकअप आला, त्याच्यावर नाचणारी पोरं, आणि मागे झेंडूच्या माळा लावलेली पांढरी गाडी.

"संगी!" बा ओरडला.

तो रस्त्याकडे धावला नाही, फटफटीकडे धावला. मला तेव्हा कळलं नाही का ते. त्याने दोन्ही अंगठे हॉर्नच्या बटणावर ठेवून दाबले.

टक.

एवढाच आवाज झाला. दिवसभर ज्याला गरज नव्हती त्या प्रत्येकाला आम्ही तो हॉर्न ऐकवला होता! बाने पुन्हा दाबला. टक. मी रस्त्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात हलवत उड्या मारल्या. पिकअपवरच्या पोरांना वाटलं मी नाचतोय. त्यांनी मोठ्या प्रेमाने मला नाचून उत्तर दिलं. पांढऱ्या गाडीच्या काचा वर होत्या. आत खाली घातलेली एक मान आणि तोंडाला लावलेला पदर दिसला. मग धूळ दिसली.

गाणं लांब जाऊन बंद झालं तरी बाचे अंगठे बटणावरच होते. "वाज ना बाई," तो हळूच म्हणाला.

मला काय करावं कळेना. काहीतरी करायचं म्हणून मी काट्याच्या मागे हात घातला, आणि तिथल्या त्या दोन वायरी बोटांना लागल्या. का कोण जाणे, त्याच क्षणी तामिळ अंगठा बाजूला झाला. मागचं सगळं मला स्वच्छ दिसलं.

"बा," मी म्हणालो, "वायरी उलट्या लागल्या."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

बाने थोडा विचार केला. "म्हंजे जवा उतरून राह्यली म्हणत होता..."

"तवा भरून राह्यली होती."

"अन् हॉर्न?"

"हॉर्न अन् लाइटनंच संपली."

बाने डोक्यावरचा फेटा काढून टाकीवर ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "तू फिजिक्सच शिकून राह्यला ना?"

"हो."

"पास होऊन राह्यला ना?"

"आतापर्यंत."

एका ट्रॅक्टरने दोर बांधून आम्हाला काकांच्या तांड्यापर्यंत ओढत नेलं. मांडवात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. काका बाला पाहून उठले.

"लय वाट पाह्यली तुही," काका म्हणाले. "समदे म्हणे, चाल आता, उशीर होऊन राह्यला. तं संगी म्हणे, काकाचा ढावलो झाल्याबिगर गाडीत बसत नाही. शेवटी या खांबाले मिठी मारली अन् तुह्या नावानं रडली."

"खांबाले?"

"हो. टाकीवर बसून शाळेत गेलती, हॉर्न वाजवलता, समदं त्यात घेतलं. आयकणारे बी रडले."

बा मांडवाच्या त्या खांबापाशी गेला. हिरव्या पानांनी गुंडाळलेला, साधा, सरळ खांब होता. बाने त्याच्यावर हात ठेवला. मागून याडी म्हणाली, "त्याच्याकडं काय पाहून राह्यले? तो तं येळेवर उभा होता."

बाने खांबावरचा हात हळूच काढून घेतला.

दिवाळीला संगी नवऱ्याबरोबर आमच्याकडे आली. चांगली भरली होती, बांगड्या वाजवत सगळ्या घरात फिरत होती. संध्याकाळी ती बाला म्हणाली, "काका, उभा राह्य. तुहा ढावलो बाकी हाय." बा लगेच उभा राहिला. डोळे मिटले, फेटा सरळ केला. संगीने त्याच्या गळ्यात हात टाकले, सूर लावला, पहिली ओळ म्हटली, आणि तिला हसू आलं. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हसली. सुखात असलेल्या पोरीला ढावलो म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"राहू दे, संगी," बा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "खांबानं आयकला, तेवढा पुरे." तोही हसला. पण ती गेल्यावर तो बराच वेळ फडक्याने हॉर्न पुसत बसला होता.

वायरी मी आता सरळ करून देतो म्हणालो, तर त्याने हात लावू दिला नाही. "उलटा हाय हे समजलं ना? मंग झालं. आता उलटा वाचतो."

ही पद्धत त्याला फार आवडली आणि त्याने ती पुढे वाढवली. परवा मी आकाशाकडे पाहून म्हणालो की आज काही पाऊस येत नाही. बाने लगेच उठून कुटारावर, म्हणजे गुरांच्या भुश्यावर, ताडपत्री टाकली. पाऊस आला! थावरूदादांनी कौतुकाने विचारलं, "तुले कसं समजलं बावा?"

"पोराले इचारलं," बा म्हणाला. "तो जे सांगते त्याच्या उलटं करायचं. लय कामाचा हाय."

तर सध्या आमच्या घरात एकूण चार काटे आहेत. तीन फटफटीवर आहेत. चौथा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे.