नव्या भिंतींना पाणी

गोंडपिपरीच्या वाटेवर आमच्या वस्तीचा विहार आणि स्तूप उभा राहत होता. माझ्या शेजारची म्हातारी रोज सकाळी नव्या भिंतींवर पाणी मारायची. ती माणसांशी कमी, भिंतींशीच जास्त बोलायची. मग जागा राखीव जंगलात निघाली, काम थांबलं, गवंडी निघून गेले. ती मात्र येतच राहिली.

"बाई, आता काऊन पानी मारता?" मी विचारलं.

"काम थांबलं, गुरुजी. पन भिंत सुकली तं तडकन ना."

उन्हाळ्यात वनखात्याची माणसं आली आणि भिंती पाडून गेली. ती पळसाखाली बसून पाहत होती. म्हणाली, "इथी नांगराले बुद्धाच्या काळच्या विटा लागतात म्हनतेत. मंग आपन कुठचे, गुरुजी?"

बुद्धपौर्णिमेला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत मिरवणुकीने निघाली. ती आली नाही; तिचं दार दिवसभर आतून बंद होतं.