बाबांच्या पावलांनी मोजलेलं घर

आमच्या गल्लीतला सिमेंट रस्ता दोनदा झाला आणि दोन्ही वेळा वर चढला. घर होतं तिथंच राहिलं. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी उंबरा ओलांडून आत यायला लागलं, तेव्हा घर पाडून नवीन बांधायचं मी ठरवलं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पोस्टात नोकरीला होते. बाबांनी उमेदीची वर्षं कामठीला पावरलूमवर काढली आणि उतारवयात काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले.

"मले नाही पाहिजे नवीन घर," ते म्हणाले. "हे घर मले दिसते. नवीन दिसन काय?"

त्या घरात बाबा डोळस माणसासारखे वावरत. माठातून पाणी घेताना थेंब सांडत नसे. पूर्वेच्या उन्हानं तापलेल्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणत, "नऊ वाजले वं, तुझी ऑफिसची वेळ झाली." नवख्या पाहुण्याला तर त्यांना दिसत नाही हे लवकर कळायचंही नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं घरांचे आराखडे करणाऱ्या एका बाईंचं नाव सुचवलं. चाळिशीच्या, स्कूटरवर आल्या. मी यादी तयार ठेवली होती: मोठा हॉल, दोन खोल्या, मागच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. त्यांनी ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि बाबांसमोर जाऊन बसल्या.

"काका, मला तुमचं घर दाखवता?"

बाबा उठले. "या. खाटेपासून सहा पावलं, मंग उंबरा. तिथून डाव्या हाताले माठ. गारवा लागला का समजाचं, आता वळाचं."

बाई मागोमाग चालत लिहून घेत होत्या, फुटांत नव्हे, पावलांत. मग त्यांनी ओढणीनं स्वतःचे डोळे बांधले आणि म्हणाल्या, "आता मला न्या." चौथ्या पावलाला त्यांचा गुडघा लोखंडी पेटीवर आपटला.

"अवो मॅडम, पेटी तिथं वीस वर्षांपासून आहे!" बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला.

त्यानंतर त्या चार-पाच वेळा आल्या. कुठून कसला आवाज येतो, वारा कुठून लागतो, रात्री उठलात तर हात आधी कशावर जातो, असं विचारत राहिल्या. मीही ऐकत बसायचे. इतकी वर्षं एका घरात राहून यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं.

घर पाडलं आणि आम्ही दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत गेलो. तिथं बाबा एकदम म्हातारे झाले. दाराच्या चौकटीवर दोनदा कपाळ आपटलं, मग त्यांनी उठणंच सोडलं. पाण्यासाठीसुद्धा हाक मारत. मी ऑफिसात पत्रांवर शिक्के मारत बसायचे आणि मनात एकच, आपण हे काय करून बसलो.

एके दिवशी बाईंचा फोन आला. "काकांना प्लॉटवर घेऊन या. चपला नकोत."

जमीन सपाट केलेली होती. जिथं भिंती येणार तिथं बाईंनी सुट्या विटांच्या रांगा लावल्या होत्या, दारांच्या जागा मोकळ्या ठेवून. बाबांनी पायानं वीट चाचपली आणि खाटेच्या जागेवरून निघाले. सहा पावलं, उंबरा. डावीकडे माठाची जागा. त्यांचा चेहरा सैल होत गेला. पुढं गेले, मागच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथं थांबले.

"स्वयंपाकघर इतक्या दूर काहून वं?"

"आजकाल असंच करतात, बाबा. धूर, वास घरात येत नाही."

"वास नाही आला तर मले कसं समजन, तू घरात आहे का नाही?"

फोडणीच्या वासानं त्यांना जेवणाची वेळ कळते, एवढंच मी धरून चालले होते.

बाईंनी ओढणी कमरेला खोचली, उकिडव्या बसल्या आणि विटा उचलून सरकवायला लागल्या. मीही बसले. बाबा मध्ये उभे राहून सांगत होते, "आणखी इकडं. आणखी. बस." स्वयंपाकघर त्यांच्या खोलीला लागून आलं, मध्ये एक मोठी खिडकी. हॉल लहान झाला.

घर झालं. पहिल्या दिवशी बाबांचा खांदा दोनदा भिंतीला लागला. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तर ते माझ्या मागं उभे, हातात भरलेला पेला. "घे, पाणी पी."

घर पाहायला नातेवाईक येत. मी उठायच्या आत बाबा उठलेले असत. खापा गावची आत्या आली, तेव्हा तिचा हात धरून त्यांनी तिला सगळं घर फिरवलं. ती म्हणाली, "रंग मोठा साजरा दिला गा, दादा." बाबा थबकले. रंगाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"फिकट पिवळा," मी घाईनं म्हटलं.

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "चांगला आहे," आत्याला म्हणाले, "मीच म्हटलं होतं पिवळा द्या म्हणून."

बाबा त्या घरात तीन वर्षं राहिले आणि एका हिवाळ्यात, झोपेतच गेले. घर चांगलं आहे, पाणी आत येत नाही. पण मला आठवतात ते पाडण्याआधीच्या जुन्या घरातले दिवस. रविवारची दुपार, कूलरची घरघर, तिघांचा चहा, बाई पेन्सिलीला टोक काढताहेत आणि बाबा खाटेवर मांडी घालून सांगताहेत, "आता लिहा मॅडम, दारापासून फाटकापर्यंत अकरा."

त्या दुपारी कधी संपू नयेत, असं मला वाटायचं.