वजन उतरू द्यायचं नाही

मुतखड्यानं माणूस मरत नाही, नुसता लोळतो. आमचे हेही असेच लोळले. कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून भर दुपारी लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. पोटाचा सीटी स्कॅन झाला, दोन दिवसांनी खडा पडला आणि आम्ही सगळं विसरून गेलो. महिन्याभरानं तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, ‘काकू, काकांना घेऊन एकदा येऊन जा.’

पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, ‘झालेले स्कॅन आम्ही एआयकडून पुन्हा तपासून घेतोय. स्वादुपिंडाचा कॅन्सर फार उशिरा कळतो, म्हणून. काकांच्या स्कॅनवर त्यानं खूण केलीय.’

‘म्हणजे गाठ आहे?’

‘आम्हाला तरी दिसत नाही.’

‘मग नाही म्हणा की!’

‘तसंही म्हणता येत नाही, काकू.’

घ्या! डॉक्टरांना दिसत नाही, मशीनला दिसतंय, आणि ज्याच्या पोटात आहे तो म्हणतोय, ‘मला काय धाड भरलीय?’ हे स्वादुपिंड पोटात असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. जठराच्या मागं दडलेलं असतं म्हणे. तोंडातून दुर्बीण घालून तपासलं, तर तुकडा घ्यावा अशी जागाच सापडली नाही. कापायचं तर काय कापायचं? थांबायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, एवढंच हातात होतं. नातेवाईक येऊन सांगायचे, ‘नशीबवान आहात, वेळेत कळलं.’ माझं डोकंच फिरायचं. काय कळलं होतं आम्हाला?

दुर्बिणीच्या तपासणीनंतर निघताना डॉक्टरीणबाईंनी एक काम मात्र दिलं होतं. ‘वजनावर लक्ष ठेवा. आपोआप उतरायला लागलं किंवा साखर वाढली, तर लगेच या.’

बरोबर माझे धाकटे दीर होते. उभा जन्म तालमीत गेलेला माणूस. जिना उतरता उतरताच म्हणाले, ‘वहिनी, इलाज सापडला. दादाचं वजन छटाकभर उतरू द्यायचं न्हाय. बास!’ आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला करण्यासारखं काहीतरी सांगितलं होतं.

मग काय, पैलवानाचा खुराक सुरू झाला. सकाळी बदाम-खसखशीची थंडाई. भाकरीवर तूप, आमटीत तूप, भातावर तूप. संध्याकाळी भाऊजी त्यांना दूधकट्ट्यावर घेऊन जायचे. तिथं म्हैस समोर उभी असते, पेल्यात धार काढून फेसासकट दूध हातात देतात. हे म्हणायचे, ‘अरं, पुरं की आता!’ तर भाऊजी म्हणायचे, ‘गप प्या दादा, परीक्षा हाय.’ दर रविवारी आंघोळ झाली की ह्यांना काट्यावर उभं करायचं. काटा हलला नाही की भाऊजी तिथंच शड्डू ठोकायचे, आणि मी देवाला साखर ठेवायची.

मध्येच रक्तात साखर वाढलेली निघाली. भाऊजींनी आणि मी विचार केला, हे थंडाईमुळं. डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा? मी थंडाईत साखरेऐवजी गूळ घालायला लागले. आता हसू नका. आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला आणि आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. मी छाती पुढं काढून सांगितलं, ‘बघा, छटाकभर उतरू दिलं नाही.’

‘उतरू दिलं नाही म्हणजे?’

भाऊजींनी कौतुकानं सगळा खुराक सांगितला. तिनं पेन खाली ठेवलं. ‘काकू, ते उतरतंय का, हेच मला बघायचं होतं.’

आधी मला उमगलंच नाही. मग तिनं हळूहळू समजावून सांगितलं. वजन खरंच टिकलंय की तुपानं टिकवलंय, आता कळायला मार्ग नाही. साखर थंडाईनं वाढली की स्वादुपिंडाच्या दुखण्यानं, तेही कळत नाही. नव्या स्कॅनमध्येही डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मशीनची खूण मात्र होती तिथंच होती.

माझा तोल गेला. ‘मग तुमच्या त्या मशीनला विचारा की पुढं काय करायचं! नुसतं बोट दाखवायला त्याच्या बापाचं काय जातंय?’

ती चिडली नाही. म्हणाली, ‘ते त्याला सांगता येत नाही, काकू. मलाही येत नाही. खुराक बंद करा, काका पूर्वी खात होते तेवढंच त्यांना खाऊ द्या. महिन्याभरानं वजन बघू.’ घरी येईपर्यंत भाऊजी डोळे पुसत होते. 

खुराक थांबला. कट्ट्यावर जाणं थांबलं. काल दुपारी ह्यांना जेवायला वाढलं. भाकरी आणि वांग्याची भाजी, दोन्ही त्यांच्या आवडीची. अर्ध्या भाकरीवरच हात थांबला.

‘का हो?’

‘भूक न्हाय.’

इतके दिवस कोंबून कोंबून जीव विटला असेल. भीती बसली असेल. नाहीतर ते तिसरं असेल. ‘चतकोर तरी घ्या’ असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आग्रहानं खायला लावलं तर खरं काय ते पुन्हा झाकलं जाणार, आणि गप्प बसावं तर माझा माणूस ताटावरून उपाशी उठणार. भाकरीचा चतकोर हातात धरून मी तशीच उभी राहिले.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. फाउंड्रीत पोरांना दरडावणारा हा माणूस, बारक्या आवाजात विचारत होता, ‘खाऊ का नको, तू सांग की.’